कपाटातलं शून्य

त्या घरात रोज सकाळी दोन गोष्टी ठरलेल्या. एक चहा आणि दुसरी सासऱ्यांचं वजन. चहा गुपचूप व्हायचा. वजनाला मात्र तमाशा लागायचा.

न्हाणीघराच्या दाराशी वजनाचा काटा ठेवलेला असे. त्यावर चढण्याआधी सासरे खिशातल्या किल्ल्या काढत, चष्मा काढत, मनगटावरचं घड्याळ काढत आणि शेवटी छातीभर श्वास घेऊन तो रोखून धरत. समोर सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

“श्वास सोडा. हवेनं माणूस हलका होत नाही, फुगा होतो.”

सासरे श्वास सोडत. काटा थरथरून एका जागी थांबे. तोच आकडा. कालचाच, परवाचाच, गेल्या महिन्यातलाच.

“अगं, पण मी रोज चालतो!”

“चालता म्हणे! बागेतल्या बाकावर जाऊन बसत असाल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बाक गरम करायला नाही.”

“सूनबाई, तू तरी सांग हिला. या चपला बघ. टाचा झिजल्यात की नाही?”

सूनबाई चपला उचलून बघे. शास्त्रज्ञ बाई, पुरावा पाहिल्याशिवाय बोलायची नाही. टाचा खरंच झिजलेल्या असत.

“आई, झिजल्यात हो.”

“मग घासून झिजवल्या असतील,” सासूबाई म्हणत आणि चहा ओतायला जात. विषय संपला.

सासरे आयुष्यभर शहराच्या बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटायचं, थांबा आला. मधे एकदा रक्तदाब चढला, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि सासूबाईंनी त्या दिवसापासून घराचा दवाखाना केला. सूनबाईचा नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यात. त्यामुळे या रोजच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून तिला एकटीलाच बसावं लागे आणि ती बिचारी दर वेळी सासऱ्यांच्या बाजूनं निकाल द्यायची. पुढे काय होणार हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

सूनबाई काय काम करते, हे समजावून सांगायला तिला स्वतःला अर्धा तास लागायचा. सासऱ्यांनी ते एका वाक्यात उरकलं होतं: “आमची सूनबाई न जळणारा दगड बनवते.” हे वाक्य त्यांनी न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं.

तसं ते फारसं खोटंही नव्हतं. आकाशातून जमिनीकडे परत येणारं यान हवेशी असं काही घासलं जातं की, त्याच्या नाकाशी पोलादसुद्धा पाणी होऊन वाहून जावं. त्या नाकावर बसवायला सूनबाई झिर्कोनियम आणि बोरॉन यांच्या संयुगाची काळी करडी भुकटी दाबून, भाजून त्याचा दगड करायची. सिरॅमिक म्हणायचं त्याला. तो वितळेल ही भीती नव्हती. भीती होती हवेची. हवेतला प्राणवायू तापला की कुणालाच सोडत नाही. लोखंडाला तो गंजवतो, या दगडालाही खातो, फक्त भलत्या घाईनं. म्हणून भुकटीत सिलिकॉन कार्बाइड मिसळायचं. मग दगड खाल्ला जाता जाता स्वतःच्याच अंगावर काचेचा पातळ थर चढवतो आणि मागून येणाऱ्या प्राणवायूला दार लावून घेतो. दार घट्ट लागलं तर दगड वाचला. फट राहिली तर मेला.

दार लागलं की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपी रीत म्हणजे वजन. भट्टीत घालण्याआधी चकती तोलायची, बाहेर काढून पुन्हा तोलायची. प्राणवायू आत शिरला असेल तर वजन वाढतं. जितकं जास्त वाढलं, तितका दगड खाल्ला गेला.

आणि एके दिवशी सूनबाईच्या चकतीचं वजन वाढलंच नाही.

अठराशे अंशांच्या भट्टीतून चकती निघाली ती नव्या कपासारखी तुकतुकीत. सूनबाईनं ती नाजूक तराजूवर ठेवली. आधीचा आकडा आणि आत्ताचा आकडा, फरक शून्य. तिनं तराजूचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा ठेवली. शून्य. शेजारी भट्टी चालवणारा गृहस्थ उभा होता. त्याला सगळे भट्टीदादा म्हणत. हा माणूस कायम वाईटाचीच वाट बघणारा. उन्हाळ्यात म्हणायचा, हिवाळा कडक जाणार. त्यानं आकडा पाहिला, डोळे चोळले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, “मॅडम, जमलं हो!”

झालं! मोठे साहेब धावत आले. साहेब म्हणजे भला माणूस, पण उत्साहानं उतू जाणारा. त्यांनी चकती तळहातावर घेतली, लहान मुलाला घ्यावं तशी, आणि सगळ्या विभागात मिरवली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मखमलीवर जाऊन बसली. खाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: शून्य.

सूनबाईनं विचारलं होतं बरं का. “साहेब, कापून आतून बघायला हवी.”

“बघू की! पण ही एकुलती एक आहे मॅडम. दुसरी भाजा आणि ती कापा.”

दुसरी भाजायला गेले, तर भट्टीची तापणारी कांडीच तडकली. भट्टीदादा म्हणाला, “मला वाटलंच होतं.” नवी कांडी यायला महिने लागले, तोवर दुसऱ्या चकतीचा विषय मागे पडला. कमी तापमानाला भाजलेल्या आधीच्या चकत्या कापलेल्या होत्या, त्या आतून घट्ट निघाल्या होत्या. मग हीसुद्धा तशीच असणार, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली. आणि खरं सांगायचं तर सूनबाईलाही ती कापवत नव्हती. इतक्या वर्षांनी हाताला लागलेलं यश होतं. त्यावर करवत कोण चालवणार?

त्याच मिश्रणाचा एक मोठा तुकडा मग तयार झाला. यानाच्या नाकाच्या आकाराचा, म्हणून विभागात त्याला नाव पडलं ‘नाक’. नाक घडवायला अख्खं वर्ष गेलं. आता येत्या शुक्रवारी यान बनवणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर मोठ्या ज्वाळेत नाक धरायचं. टिकलं तर विभागाला बरकत आणि सूनबाईचं नाव. फुटलं तर वर्षाची मेहनत मातीत आणि पाहुणे दुसरीकडे.

बुधवारी दुपारी साहेब म्हणाले, “मॅडम, घरी जा. शुक्रवारी चेहरा ताजा दिसला पाहिजे.”

सूनबाई लवकर निघाली. उतरायचं त्याच्या एक थांबा आधीच उतरली, म्हटलं जरा चालावं. तलावाच्या पलीकडच्या गल्लीत एक बेकरी होती. तिच्या काचेतून आत सहज नजर गेली आणि पाय थबकले.

आत सासरे उभे होते. उजव्या हातात क्रीमरोल. मिशीला क्रीम. तोंडात उरलेला क्रीमरोल. डोळे मिटलेले, समाधी लागल्यासारखे.

“बाबा!”

सासऱ्यांनी डोळे उघडले. तोंड भरलेलं असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला नाही. तेवढ्यात बेकरीवाला ओरडला, “या, या! न जळणाऱ्या दगडाच्या मॅडम ना तुम्ही? कंडक्टरसाहेब रोज सांगतात. शुक्रवारी मोठी परीक्षा आहे म्हणे!” आणि चहा पीत बसलेली चार डोकी कौतुकानं वळली.

सासऱ्यांनी घास गिळला. “सूनबाई, मी चालतो. अगदी शपथेवर. घरापासून निघतो, तलावाला पूर्ण वळसा घालतो आणि इथे येतो.”

“आणि इथे?”

“इथे जरा थांबतो.”

“रोज?”

“रोज कुठे! रविवारी बेकरी बंद असते.”

सूनबाईला हसू आवरेना. झिजलेल्या टाचा खऱ्या होत्या, क्रीमरोलही खरा होता, आणि काटा मात्र जागचा हलत नव्हता. चालून जेवढं जायचं तेवढं इथे उभ्या उभ्या परत यायचं. सासूबाईंना वाटायचं माणूस चालतच नाही. सूनबाईला वाटायचं काटाच बिघडलाय. आणि इकडे रोज…

हसता हसता ती थांबली.

काटा हलला नाही, म्हणजे काही घडलंच नाही, असं थोडंच असतं?

तिला कपाटातली चकती आठवली. दगडातलं बोरॉन जळतं तेव्हा त्याची वाफ होते आणि ती उडून जाते. फार तापलं की सिलिकॉनसुद्धा वायू होऊन निसटतं. म्हणजे दगडाचं वजन घटतं. आणि प्राणवायू आत शिरतो, म्हणजे वजन वाढतं. गेलं तेवढंच आलं, तर तराजू काय दाखवणार? शून्य! दगड आत सुखरूप असला तरी शून्य आणि पोखरून निघाला असला तरी शून्य.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, तिला हे ठाऊक नव्हतं? अहो, पाठ होतं! तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारून तिनं भल्याभल्यांना घाम फोडला होता. पण प्रश्न दुसऱ्याच्या चकतीबद्दल असला की डोकं चालतं. स्वतःच्या चकतीवर शून्य दिसल्यावर माणूस आधी नाचतो.

“घरी सांगू नकोस हं,” सासरे मिशी पुसत हळूच म्हणाले. तिनं ते ऐकलंही नाही.

रात्रीच्या जेवणाला सूनबाई गप्प. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे पाहिलं. भाजीचं कौतुक केलं. हवेबद्दल बोलून झालं. सूनबाई गप्पच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. सासऱ्यांना वाटलं, पोरगी आपल्यावर रुसली. इतके दिवस आपली बाजू घेतली आणि आपण तिला तोंडघशी पाडलं. शेवटी त्यांना घास गिळेना. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मी क्रीमरोल खातो,” ते एकदम म्हणाले.

सासूबाईंनी वर पाहिलं. “काय खाता?”

“क्रीमरोल. रोज. चालून झालं की. सूनबाईनं आज पकडलं मला. म्हणून ती बोलत नाहीये. सूनबाई, चुकलं माझं. आता बोल बाई काहीतरी.”

“बाबा, मी तुमच्यावर नाही रागावले!” सूनबाई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. मग तिनं सगळं सांगितलं. चकती, शून्य, कपाट, शुक्रवार. बोलता बोलता भाजी गार झाली.

सासूबाई ऐकून घेत होत्या. “मग काप की ती चकती. कलिंगडसुद्धा आपण कापून बघतो.”

“कापायची तर आहेच, आई. त्याची नाही भीती. साहेबांना सांगायचं कसं? सगळ्यांनी नाचून घेतलंय. मीच सांगितलं होतं शून्य आलं म्हणून, आता मीच सांगू की ते खोटं असेल? आणि बाबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. उद्या त्यांना तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“माझं तोंड ठेव बाजूला,” सासरे म्हणाले. “त्याला क्रीम लागलंय. आणि सांगायचं काय एवढं? मी आत्ता सांगितलं ना! मेलो का?”

“अजून नाही मेलात,” सासूबाई म्हणाल्या, “पण जेवण होऊ द्या.”

तिघंही हसले. सूनबाई डोळे पुसत पुसत हसली. रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीवरचा दगड थोडा हलका झाल्यासारखा वाटला. हा दगड काही न जळणारा नव्हता.

गुरुवारी सकाळी ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब आरशासमोर उभे राहून पाहुण्यांसमोर करायचं भाषण म्हणत होते.

“साहेब, कपाटातली चकती कापायची आहे. आज. आत्ता.”

साहेबांचा हात आपोआप कपाटाच्या किल्लीवर गेला. तिनं सगळं सांगितलं, अगदी क्रीमरोलसकट. साहेबांचा चेहरा वाक्यागणिक उतरत गेला.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “कदाचित काही झालंही नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हो. परवापर्यंत राहू द्या झाकलेली.”

“साहेब, उद्या ज्वाळेसमोर ती मूठ उघडणारच आहे. तेव्हा तिच्यात नाक असेल. आज उघडली तर फक्त एक चकती जाईल.”

साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ बोटांनी टेबलावर ताल धरला. मग उठले, कपाट उघडलं, मखमलीवरून चकती उचलली आणि तिच्या हातावर ठेवली. “चला. मीही येतो. पण कापताना मी बघणार नाही.”

हा दगड कापणं म्हणजे खायचं काम नाही. हिऱ्याची कणी लावलेली करवत पाण्याखाली फिरत राहते आणि दगड दाद देत नाही. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. भट्टीदादा म्हणाला, “मला पहिल्या दिवसापासून शंका होती.” सूनबाईनं मान वर न करता म्हटलं, “दादा, पहिल्या दिवशी तुम्ही ‘जमलं हो’ म्हणाला होतात.” भट्टीदादाला अचानक पाण्याचा नळ तपासायची आठवण झाली.

चकतीची दोन शकलं झाली. सूनबाईनं एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, डोळा लावला आणि नुसतीच पाहत राहिली.

वर काचेचा थर, तुकतुकीत, देखणा. त्याखाली पांढरट कवच. आणि त्याखाली सगळी भोकंच भोकं. वाळवी लागलेल्या फळीवर रंग शाबूत असावा, तसं. बोट दाबलं तर आत जाईल असं ते शून्य होतं.

“बघा साहेब.”

साहेबांनी वळून डोळा लावला. “अरे देवा!” एवढंच म्हणाले. नंतर बाजूला होऊन चष्मा पुसत राहिले. “हे उद्या ज्वाळेत धरलं असतं तर?”

“वरची काच उडाली असती आणि नाक आतून ढासळलं असतं.”

“पाहुण्यांसमोर?”

“पाहुण्यांसमोर.”

साहेबांनी फोन उचलला. मधेच तो छातीशी धरून म्हणाले, “भट्टी बिघडलीये असं सांगू का? ती बिघडलीच होती की मधे.”

“नको साहेब. मी चुकले असं सांगा. एकदा खोटं शून्य झालंय, आता पुरे.”

साहेबांनी तसंच सांगितलं. फक्त ‘मॅडम चुकल्या’ऐवजी ‘आम्ही चुकलो’ म्हणाले, आणि त्या एका शब्दासाठी सूनबाईनं त्यांना मनातल्या मनात कायमचं माफ करून टाकलं.  मग पाहुण्यांच्या प्रमुखांनी विचारलं, चूक पकडली कुणी? “जिनं केली तिनंच,” साहेब म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, ठीक आहे, नवी चकती करा, कापून दाखवा, मग आम्ही येतो. जास्त वाट बघणार नाही मात्र.

सुटका झाली, पण आनंद कसला? वर्षभराचं नाक कोपऱ्यात झाकून ठेवलं गेलं. कपाटात मखमलीवर चकतीची नुसती गोल खूण राहिली. विभागात जो तो सूनबाईशी अंमळ हळू बोलायला लागला, दुखणाईताशी बोलावं तसा. संध्याकाळी ती निघाली तेव्हा पाय जड झाले होते, आणि सासऱ्यांची बेकरी आठवून ते आणखी जड झाले. ज्यांना बाबांनी मोठ्या तोंडानं सांगितलं, त्यांच्यासमोर ते आता काय बोलतील? त्यांच्याऐवजी आपणच जाऊन सांगावं, म्हणून ती तलावाच्या पलीकडे वळली.

बेकरीच्या दाराशी पोचण्याआधीच आवाज ऐकू आला. अख्ख्या गल्लीला ऐकू येत होता म्हणा ना!

“जळला! आमच्या सूनबाईचा दगड जळला! वरून चकाचक आणि आतून साफ पोखरलेला! दुपारी फोन आला होता तिचा!”

सूनबाई दाराबाहेरच थांबली. आत सासरे मधोमध उभे, हातात बिनसाखरेचा चहा. समोर ती चार डोकी.

“मग कंडक्टरसाहेब,” बेकरीवाला म्हणाला, “यात ओरडून सांगण्यासारखं काय आहे? पितळ उघडं पडलं की तुमचं.”

“पडलं नाही, तिनं उघडलं!” सासरे गरजले. “कुणाला पत्ता नव्हता. कुणी विचारलं नव्हतं. साहेब नको म्हणत होता. तिनं स्वतः जाऊन सांगितलं, मी चुकले म्हणून. अरे, मी आयुष्यभर तिकिटं फाडली. फुकटे किती पकडले त्याची गणती नाही. कुणी झोपेचं सोंग घेतलं, कुणी पुढच्या माणसाकडे बोट दाखवलं. पण स्वतःहून उठून माझ्यापाशी येऊन, ‘मास्तर, माझं तिकीट काढायचं राहिलंय’ असं म्हणणारा माणूस क्वचित भेटला. आणि भेटला की मी काय करायचो ठाऊक आहे? माझी स्वतःची जागा त्याला बसायला द्यायचो. मी उभा!”

बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. सूनबाई तिथे उभी होती, डोळे भरलेले. सासरे क्षणभर गांगरले. मग त्यांनी खाटकन शेजारची खुर्ची ओढली आणि जुन्या सवयीनं हाळी दिली, “चला, चला, पुढे सरका! सूनबाईंना जागा द्या!”

आणि ती चार डोकी खरोखर सरकली. सूनबाई बसली. सासरे तिच्या शेजारी उभेच राहिले, चहा संपेपर्यंत, छाती काढून.

त्यानंतरचे दिवस नुसते भुकटीचे आणि भट्टीचे. सूनबाईनं मिश्रण बदललं. सिलिकॉनचं प्रमाण हलवलं, चिमूटभर टंगस्टन घातलं, जेणेकरून वरचं कवच भोकं न पडता घट्ट बसावं. पहिली चकती तडकली. पुढची फुगली. “मला वाटलंच होतं,” भट्टीदादा दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी न सांगता पुढची भट्टी लावायला घ्यायचा. विभागात आता नवा नियम झाला होता: आधी करवत, मग कपाट. कपाटाची किल्ली साहेबांनी स्वतःहून सूनबाईच्या स्वाधीन केली होती. घरीही नियम झाला होता. सासूबाई आता रोज सासऱ्यांबरोबर तलावाला वळसा घालत आणि बेकरीसमोरून जाताना त्यांचा दंड घट्ट धरत.

शेवटी एका दुपारी चकती निघाली. तुकतुकीत वगैरे काही नाही, जराशी मळकट, ओबडधोबड. सूनबाईनं तोलली. वजन वाढलं होतं. अगदी कणभर. कुणी नाचलं नाही. कुणी साहेबांना बोलवायलाही गेलं नाही. करवत चालू झाली, शकलं झाली, तिनं डोळा लावला. वर बारीकसं कवच, आणि त्याच्या खाली दगड. काळा, भरीव, जसा भट्टीत घातला होता तसाच्या तसा. ती पुन्हा पुन्हा शकल फिरवून बघत राहिली. भोक कुठेच नव्हतं.

मग याच मिश्रणाचं नवं नाक झालं. पाहुणे आले, शकलं हातात घेऊन पाहून मगच ज्वाळेच्या खोलीकडे वळले. जाड काचेपलीकडे नाक ज्वाळेत आधी लाल, मग पिवळं, मग बघवणार नाही इतकं पांढरं झालं. साहेब या वेळीही भिंतीकडे तोंड करून उभे होते. ज्वाळा विझली. नाक जागेवर होतं. आणि तरीही, पाहुण्यांच्या टाळ्या चालू असतानाच, सूनबाईनं ते निवू दिलं आणि त्याच्या कडेची एक फाक कापून घेतली.

फाक बघून झाल्यावर तिनं घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत सासऱ्यांनी उचलला. सकाळपासून ते फोनला चिकटून बसले असणार.

“बाबा, टिकलं!”

तिला वाटलं होतं, आता कानठळ्या बसणार. पण पलीकडून अगदी हळू आवाज आला, “कापून बघितलंस?”

“बघितलं बाबा. आतपर्यंत घट्ट आहे.”

  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागून सासूबाईंचा, “अहो, रडता काय? टिकलं ना? मग रडता काय?”

“आणि वजन?” सासऱ्यांनी घसा साफ करून विचारलं. “शून्य आलं का?”

“नाही बाबा. वाढलं. अगदी थोडंसं.”

“वाढलं? आणि तरी चालतं?”

“चालतं तर! थोडंसं वाढलं, पण लपवाछपवी काही नाही.”

 मग सासऱ्यांचा तो जुना, बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज परत आला.

“थांब, सूनबाई, फोन ठेवू नकोस. हेच जरा तुझ्या सासूला सांग!”